डोंगरातलं घर, भादवा ते दिवाळी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याच्या पश्चिम टोकाला, कळसूबाई ते हरिश्चंद्रगड या रांगेतल्या वाड्यांमध्ये आमची घरं आहेत. गणपती झाले की मुंबई-पुण्याचे नातेवाईक, फुलं बघायला येणारे पाहुणे, गावी परतायचं मनात असलेली तरुण मुलं असे सगळेजण तेच तेच विचारतात. त्यांचे प्रश्न इथे त्यांच्याच भाषेत मांडले आहेत. एखादं उत्तर दुसऱ्या प्रश्नात आलं असेल तर तिथे क्रमांक दिला आहे.

१. तुम्ही "भादवा ते दिवाळी" म्हणता तो नेमका कोणता काळ?

साधारण सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑक्टोबरच्या शेवटापर्यंतचा. पंचांगात शरद ऋतू आश्विनापासून धरतात, पण डोंगरात बदल त्याआधीच दिसू लागतो. आभाळ मधूनच निळं होतं, सोनकीने उतार पिवळे पडतात, ओढ्याचं गढूळ पाणी निवळतं आणि भात पोटरीत येतं, म्हणजे लोंबी अजून पानाच्या आवरणात असते. आमच्या वाड्या समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर आहेत. त्यामुळे रात्री गारवा येतो, सकाळी धुकं दाटतं आणि दुपारी ऊन चटके देतं.

२. तोवर पाऊस थांबलेला असतो का?

नाही. त्याची तऱ्हा मात्र बदलते. जुलै-ऑगस्टमध्ये घाटघर-रतनवाडीकडे दिवसरात्र झड लागलेली असते. घाटमाथ्यावर चांगल्या वर्षी पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो, तर त्याच जिल्ह्यातल्या संगमनेरला त्याचा दहावा हिस्साही पडत नाही. सप्टेंबरच्या मध्याला उत्तरा नक्षत्र लागतं, महिनाअखेरीस हस्त. हस्ताला आम्ही हत्ती म्हणतो. हत्तीचा पाऊस दुपारनंतर गडगडाट करत येतो, तास-दीड तास कोसळतो आणि निघून जातो. वीज पडण्याची भीती याच दिवसांत जास्त, म्हणून गडगडाट ऐकू आला की गुराखी झाडाखाली थांबत नाहीत, जनावरं घेऊन खाली उतरतात. मोसमी पाऊस राज्यातून साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात माघारी फिरतो. त्यानंतर चित्रा नक्षत्रात येणाऱ्या सरी कुणालाच नको असतात. का, ते प्रश्न १६ मध्ये.

३. आवणी झाली, कापणीला वेळ आहे. मग हे दिवस मोकळेच ना?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि सगळ्यात मोठा गैरसमजही हाच. कष्टाची मोठी कामं म्हणजे चिखलणी आणि आवणी, म्हणजे भाताच्या रोपांची लावणी. ती जुलैत, फार तर ऑगस्टच्या सुरुवातीला उरकतात हे खरं. पण पिकवणं वेगळं आणि पिकलेलं घरात येणं वेगळं. या दीड-दोन महिन्यांचं काम एका शब्दात सांगायचं तर राखण. बांधाची राखण, लोंबीची राखण, गुरांची राखण, घराच्या भिंतींची राखण. यातलं काहीही फोटोत दिसत नाही, म्हणून पाहुण्यांना ओटीवर बसलेला माणूस निवांत वाटतो. तो रात्रभर शेतातल्या माचावर, म्हणजे मचाणावर, जागा असतो.

भात निसवलं, म्हणजे लोंबी बाहेर आली, की खाचरात बेताचं पाणी उभं लागतं. ते कमी पडलं तर दाणा भरत नाही, पोचट राहतो. पण नेमके याच दिवसांत खेकडे बांध पोखरतात. एका भोकातून रात्रीत अख्खं खाचर रिकामं होतं आणि खालच्या खाचराचा बांधही फुटतो. म्हणून सकाळी उठलं की फावडं घेऊन बांधावरून एक फेरी होतेच. भोक सापडलं की चिखलाचा गोळा आणि गवत कोंबून ते बुजवायचं. दाणा टणक झाला की उलट काम, बांधाला तोंड पाडून पाणी काढून द्यायचं. मग कापणीच्या आधी आठ-दहा दिवस जमीन वाळत राहते.

पाऊस ओसरला आणि उघडीप मिळाली की लष्करी अळीवर नजर ठेवावी लागते. दिवसा ती बुंध्याशी लपते आणि रात्री लोंब्या कुरतडून खाली पाडते. सकाळी खाचरात तुटक्या लोंब्या दिसल्या म्हणजे उशीर झालेला असतो, म्हणून संध्याकाळी दोन-चार चुडं (भाताचे ठोंब) बाजूला सारून बुंधे बघायची सवय ठेवावी.

आणि वरच्या उतारांवर नागली (नाचणी), वरई, खुरासणी (कारळा) असते. ती खाचराहून लांब, जंगलाला लागून असल्यामुळे सगळ्यात आधी तिथेच धाड पडते.

४. रात्री राखणीला खरंच शेतात झोपतात का? कशासाठी?

हो. शेताच्या कडेला चार मेढी रोवून, वर पेंढ्याचं छप्पर घालून माच बांधतात. दोन-तीन शेजारी मिळून पाळी लावतात. रानडुकरं कळपाने येतात आणि जेवढं खातात त्याच्या कित्येक पट तुडवतात. सांबर, भेकर लोंब्या खुडतात. दिवसा वानरं आणि पोपट, म्हणून दिवसाची राखण बहुतेक वेळा म्हातारी माणसं आणि शाळा सुटल्यावर मुलं करतात.

हत्यारं साधीच असतात: गोफण, रिकामा डबा, बॅटरी, शेकोटी आणि मोठा आवाज. एका माचावरून हाळी आली की पलीकडचा उत्तर देतो. त्यात जनावर पळतं, आणि शेजारी जागा आहे हेही कळतं.

कुंपणाच्या तारेत घरची वीज सोडण्याचा विचारही करू नये. तो गुन्हा आहेच, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्या तारेला पहाटे पाणी बघायला निघालेला आपलाच माणूस चिकटतो. सौरऊर्जेचं झटका देणारं कुंपण वेगळं, त्याचा झटका क्षणभराचा असतो.

५. जनावरांनी पीक खाल्लं तर भरपाई मिळते का?

मिळते. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य १९८६ मध्ये जाहीर झालं, पण भरपाईसाठी शेत अभयारण्यातच असावं लागतं असं नाही. रानडुक्कर, सांबर, वानर वगैरेंनी नुकसान केलं की तीन दिवसांच्या आत जवळच्या वनरक्षकाकडे किंवा वनपरिक्षेत्र कार्यालयात अर्ज द्यावा. पंचनामा होईपर्यंत शेत आवरू नका, पायाचे ठसे आणि तुडवलेला भाग जसाच्या तसा राहू द्या, मोबाइलवर फोटो काढा. सातबारा लागतो. जमीन सामाईक असेल तर इतर खातेदारांची संमती मागतात आणि बरेच अर्ज तिथेच अडतात. ते कागद भाद्रपदातच करून ठेवावेत.

बिबट्याने गाय किंवा शेळी मारली तर मुदत ४८ तासांची आहे. मृत जनावर जागचं हलवू नये.

६. घरात खायला काय असतं? नवं भात आलेलं नसतं ना?

नसतं, आणि हे फार कमी लोक विचारतात. भाद्रपदात कणगीचा तळ दिसायला लागतो. गेल्या वर्षीचं भात कापणीपर्यंत पुरलं तर घर सधन म्हणायचं. नाही पुरलं तर रेशनचा तांदूळ आणि मजुरी. आवणी आणि कापणी यांच्या मधल्या दिवसांत घरटी एखादा माणूस नारायणगाव-ओतूरच्या बागायती पट्ट्यात कामाला गेलेला असतो, ते याचसाठी.

धान्याची अशी ओढ असली तरी भाजीपाल्याचा मात्र सुकाळ. कुडावर घेवडा आणि वाल चढलेले, छपरावर भोपळा, परसात दोडका, पडवळ, कारली, काकडी, बांधावर चवळी. पितृपक्षाच्या पानात जेवढ्या भाज्या लागतात तेवढ्या याच पंधरवड्यात परसात मिळतात. रानातल्या कोवळ्या पालेभाज्या तोवर जून झालेल्या असतात, पण करटोली, भारंगीची फुलं आणि चाईचा मोहर मिळतो. ओढ्याचे खेकडे असतात. लसूण, मिरची आणि खोबरं वाटून केलेला त्यांचा रस्सा आणि नागलीची भाकरी हे या दिवसांतलं खरं जेवण. घरात सुकट-बोंबील असतातच.

घेवड्या-वालाचं बी कुणी मागितलं तर आम्ही आनंदाने देतो. आमच्याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली, ती असंच घराघरातलं गावठी बियाणं जपल्याबद्दल. बी राखून ठेवायचा वेल आताच ठरवावा लागतो. त्याच्या पहिल्या भरदार शेंगा खुडायच्या नाहीत, वेलावरच वाळू द्यायच्या. ही पण राखणच.

७. मग नवा तांदूळ कधी?

भाताच्या जातीवर आहे. हळवं भात दसऱ्याच्या आसपास कापायला येतं, निमगरवं दिवाळीच्या तोंडाला आणि गरवं नोव्हेंबरात. म्हणूनच शेतकरी सगळं एकाच जातीचं लावत नाही. हळवं दाण्याला कमी उतरतं, पण रिकाम्या कणगीला तेच आधी सावरतं. त्याचे पोहेही होतात. काळभात आणि आंबेमोहोरसारख्या वासाच्या जाती मागाहून येतात. नवं भात देवाला दाखवल्याशिवाय घरात शिजवत नाहीत. कोकणात आश्विन पौर्णिमेला नव्याची पौर्णिमा म्हणतात, ती याच रीतीतली.

८. एवढ्या पावसानंतर घराची अवस्था कशी असते?

ओली. कारवीच्या कुडाच्या भिंती शेणमातीने लिंपलेल्या असतात आणि झडीच्या बाजूचं लिंपण तीन महिन्यांत धुऊन गेलेलं असतं. पावसाळ्याआधी त्या बाजूला लावलेले पेंढ्याचे आणि पानांचे आडोसे कुजलेले असतात. ते काढण्याची घाई करू नये, हत्तीचा पाऊस बाकी असतो. उघडीप मिळाली की आधी वानरांनी सरकवलेली कौलं नीट बसवायची, मग मेढींच्या बुडाशी वाळवी लागली का बघायचं. लिंपण सगळ्यात शेवटी.

घटस्थापनेच्या आधी घरातली एकूण एक गोधडी, पांघरूण, कपडा ओढ्यावर धुतला जातो. हे धार्मिक आहे तितकंच गरजेचं. जुलैपासून अंथरुणाला सूर्य दिसलेला नसतो आणि बुरशीचा वास कपड्यात मुरलेला असतो. ओढ्याला पाणी भरपूर आणि ऊन कडक हे दोन्ही एकत्र याच आठवड्यांत मिळतं. त्या दिवसांत पाहुणे आलात तर पांघरूण स्वतःचं आणा.

९. चूल, वीज, फोन?

सरपण एप्रिल-मेमध्ये रचलेलं असतं, ते आता संपत आलेलं आणि उरलेलं दमट. त्यामुळे या महिन्यात घरात धूर सगळ्यात जास्त. गॅस बहुतेक घरांत आहे, पण टाकी राजूरहून आणावी लागते म्हणून चहापुरती वापरतात. वादळी सरीनंतर वीज एक-दोन दिवस जाऊ शकते. फोनची रेंज सगळ्या वाडीत नसते, ठरावीक जागीच येते. निरोप द्यायचा असेल तर लिहून पाठवा, उत्तर संध्याकाळी मिळेल.

१०. घरातल्या बाईचा दिवस कसा जातो?

हा प्रश्न मुलींकडून येतो आणि तो वेगळा ठेवलाच पाहिजे, कारण प्रश्न ३ वाचून काम पुरुषाचंच आहे असं वाटेल. पहाटे चूल, शेण-गोठा, धार, पाणी. भाकऱ्या थापून झाल्या की नागलीत राहिलेलं तण काढायला उतारावर. येताना डोक्यावर बांधाच्या गवताचा भारा. दुपारी धुणं किंवा लिंपण. परसातलं बी-बियाणं तिच्याच हातात. संध्याकाळी राखणीला जाणाऱ्याची भाकरी बांधून द्यायची. पुरुष मजुरीला बाहेर असेल तर माचावर तीच जाते, सोबतीला सासू किंवा जाऊबाई.

११. तुमच्याकडची गुरं एवढ्या पावसात टिकतात कशी?

ती डांगी जातीची. त्यांच्या कातडीला एक तेलकटपणा असतो, अंगावर पाणी फारसं मुरत नाही. चिखलणीला डांगी बैलाच्या तोडीचं जनावर इथे नाही. दूध बेताचंच, घरापुरतं. सप्टेंबरात गवत उंच आणि रसरशीत असतं, गुरं अंगाने भरतात, पण गोचिडी आणि माश्यांचा त्रासही तेव्हाच. म्हणून गोठ्यात संध्याकाळी कडुनिंबाचा किंवा निर्गुडीचा धूर करतात.

आश्विन वद्य द्वादशीला, म्हणजे वसुबारसेलाच, आमच्या आदिवासी वाड्यांत वाघबारस असते. गुराखी रानात वाघोबाच्या ठिकाणी जमतात, शेंदूर लावतात, खीर शिजवतात आणि वर्षभर गुरांना धक्का लावू नको म्हणून मागणं मागतात. बिबट्या आजही या रानात आहे, त्यामुळे ते मागणं पोटातून येतं.

१२. पाण्याची तर चंगळ असेल?

आज आहे, मार्चमध्ये नसेल. हा काळा पाषाण पाणी धरून ठेवत नाही. पाऊस ओढ्यात, ओढा प्रवरेत आणि प्रवरा १९२६ साली पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणात. धरण आमच्या डोळ्यांसमोर भरतं आणि उन्हाळ्यात आमच्याच बाया हंडे घेऊन उतरतात. म्हणून ऑक्टोबरात ओढ्याची धार चालू असतानाच सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून वनराई बंधारा घालायचा. डिसेंबरात घातला तर अडवायला पाणी उरलेलं नसतं.

प्यायला झऱ्याचं पाणी निवळशंख दिसतं, तरी उकळूनच प्या. वरच्या उतारावर गुरं चरत असतात.

१३. साप किती दिसतात? चावला तर काय करायचं?

कापणीच्या दिवसांत सर्वाधिक दिसतात. भातात उंदीर, उंदरामागे साप. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे चार विषारी साप सगळ्यात घातक. बांधावरून चालताना बूट, हातात काठी, अंधारात बॅटरी. रचलेला भारा उचलण्याआधी काठीने हलवा. जमिनीवर झोपू नका, मण्यार रात्री अंथरुणात येते आणि तिचा दंश कळतही नाही.

चावलाच तर माणसाला धीर द्या, अंगठी-बांगडी काढा, चावलेला हातपाय हलू देऊ नका. चिरा देणं, रक्त चोखणं, करकचून दोरी बांधणं यातलं काहीही करू नका. १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने ग्रामीण रुग्णालय गाठा. मांत्रिकाकडे गेलेला अर्धा तास परत मिळत नाही.

यात एक अपवाद लोक नेहमी विचारतात: हिरवा चापडा चावला तर? झुडपांत बसणारा हा साप विषारी आहे, पण आपल्याकडे मिळणारी प्रतिविषाची लस वर सांगितलेल्या चार सापांच्या विषावर बनते, चापड्यावर तिचा उपयोग होत नाही. त्याच्या दंशाने सूज आणि वेदना खूप होतात, जीव जाणं विरळा. तरीही रुग्णालयात जायचंच. साप कोणता हे अंधारात ठरवण्याच्या भानगडीत पडू नये, तो पकडून न्यायचीही गरज नाही.

१४. पाऊस ओसरला म्हणजे दरडीचा धोका संपला?

नाही. डोंगर आतून पाण्याने जड झालेला असतो आणि सप्टेंबरातली एक जोराची सर पुरेशी होते. शेजारच्या पुणे जिल्ह्यातल्या आंबेगाव तालुक्यात ३० जुलै २०१४ ला माळीण गाडलं गेलं, तेव्हापासून इथे कुणी हे हलक्यावर घेत नाही. घरामागच्या उतारावर नवी भेग पडली, झाडं किंवा विजेचे खांब कलले, नेहमी निवळ असलेला झरा अचानक गढूळ झाला किंवा बंद पडला, तर सामान आवरत बसू नका. माणसं आणि गुरं बाहेर काढा, मग तलाठी आणि पोलीस पाटलांना कळवा.

१५. आम्हाला यायचंय: फुलं बघायला, कापणीला हात लावायला, जमलंच तर जागा घ्यायला.

फुलांसाठी सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा चांगला. सोनकी आणि तेरडा दरवर्षी फुलतात. कारवी एका ठिकाणी सात-आठ वर्षांनी एकदाच बहरते, तेव्हा आधी चौकशी करा. पायवाटेवरूनच चाला. उतारावरचं जे पिवळं रान फोटोला सुंदर दिसतं ते पुष्कळदा सोनकी नसून आमची खुरासणी असते, आणि तिचंच वर्षभराचं तेल होतं. साम्रदची सांदण दरी हा पाण्याचा वाहता मार्ग आहे, पाऊस पुरता थांबून पाणी उतरेपर्यंत तिच्यात जाऊ नका.

कापणीला जरूर या. विळा पहिल्या दिवशी हातात मिळणार नाही, भारे वाहायला मिळतील. पूर्ण बाह्यांचा सदरा घाला, भाताची पात कापते. मुक्काम ओळखीच्या घरी असला तरी धान्य-तेलाचा खर्च आधीच विचारून द्या. घर तोंडाने मागणार नाही. का, ते प्रश्न ६ मध्ये आहे.

जागेबद्दल स्पष्ट सांगतो. शेतजमीन महाराष्ट्रात सर्वसाधारणपणे शेतकऱ्यालाच घेता येते. त्यापुढे, इथली बहुतेक जमीन आदिवासी खातेदारांची आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम ३६-अ नुसार ती बिगर-आदिवासीला पाच वर्षांपर्यंत भाडेपट्ट्याने द्यायलाही जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. विक्रीसाठी सरकारची पूर्वमान्यताही लागते. "साध्या कागदावर करून देतो" म्हणणारे दलाल भेटतील. त्यात तुमचे पैसे जातात आणि आमच्या एखाद्या घराची जमीन अडकते. कृपया करू नका.

१६. पिकलेल्या किंवा कापून ठेवलेल्या भातावर पाऊस आला तर?

चित्रा नक्षत्राची भीती ती हीच. उभं भात आडवं पडलं आणि खाचरात पाणी असलं तर तीन-चार दिवसांत लोंबीवरच दाण्याला कोंब फुटतो. सगळ्यात आधी बांध फोडून पाणी काढा. आडवी झालेली चुडं चार-चार एकत्र बांधून उभी करा, वारा आत खेळला पाहिजे. पूर्ण पिकलं असेल तर ऊन पडायची वाट न बघता कापून उंच बांधावर किंवा कातळावर पसरा.

कापलेलं भिजलं असेल तर उडवं, म्हणजे भाऱ्यांची रास, रचू नका. ओला भारा रचला की आत गरम होतो आणि दाणा काळा पडतो. ताडपत्री टाकायची ती सर येण्यापुरतीच, ऊन पडताच काढायची. जमेल तेवढं तसंच झोडून दाणा घरात आणा आणि ओटी, पडवी, माळा मिळेल तिथे पातळ पसरून दिवसातून तीन-चार वेळा पायाने खालीवर करा. असं भात भरडताना तुटतं, कणी जास्त निघते. ती विकायला जात नाही, पण घाटा करायला आणि कोंबड्यांना चालते.

बियाण्यासाठी मात्र यातला एक दाणाही ठेवू नका. बी राखायचं ते पावसात न सापडलेल्या खाचरातलं, आणि आपल्याकडे तसं उरलंच नसेल तर कापणी संपायच्या आत भावकीत बोलून ठेवावं. शिमग्यानंतर मागायला गेलं तर ते कांडून झालेलं असतं.